प्रकरण चौदावं : दादांचा डावा गुडघा

त्या रविवारी सकाळी सहालाच दादांचा गुडघा दुखायला लागला, आणि धाकट्या भावाला काहीतरी बोलायचं आहे हे घरात सगळ्यांना कळलं.

हा गुडघा तसाच होता. हवा बदलली तरी त्याचं काही बिघडत नसे, दुकानाचा जिना दिवसातून सहादा चढला-उतरला तरी तो तक्रार करत नसे. पण धाकट्याने "दादा, जरा बोलायचं होतं" एवढे चार शब्द जुळवले की तो ठणकायला लागे. बारा वर्षांपूर्वी धाकट्याच्या मनात वेगळं दुकान काढायचं आलं, तेव्हा तो महिनाभर सुजून राहिला होता. धाकट्याने तो विचार सोडला आणि दोन दिवसांत सूज उतरली. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाला त्याचं श्रेय मिळालं.

वहिनींनी गरम पाण्याची पिशवी भरून गुडघ्यावर ठेवली आणि आज जायचं ना, असं विचारलं. दादा म्हणाले, माझ्यामुळे कुणाची सहल बुडायला नको. हे वाक्य ते अशा काही आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, सहल काढली हाच मोठा गुन्हा झाला. वहिनींना एकतीस वर्षांत त्या आवाजाची सवय झाली होती. त्या पिशवी सारखी करत राहिल्या.

"तो काही कुठे जात नाही," दादा डोळे मिटून समाधानानं म्हणाले. "माझा गुडघा आहे ना."

आणि हसले. विनोद म्हणूनच म्हणाले असतील, नाही असं नाही. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, आतलं पाणी मोरीत ओतलं आणि कपाटात काहीतरी शोधायला गेल्या.

धाकट्याला काय बोलायचं होतं, ते खरं तर सगळ्यांना माहीत होतं. या घरात गुपित म्हणजे चार जणांना वेगवेगळी सांगितलेली गोष्ट. कठपुतळ्यांचे खेळ करणारी एक मंडळी होती, गावोगाव फिरणारी. धाकटा गेली वीस वर्षं दर रविवारी त्यांच्या बाहुल्यांचे कपडे शिवून देत असे, हौस म्हणून. वीतभर उंचीच्या राजाला अस्तर लावलेला कोट, बोटभर म्हातारीला खिसा असलेलं पोलकं. आता त्या मंडळीच्या बाई म्हणाल्या होत्या, कायमचे या. वर्षातले आठ महिने आमच्याबरोबर फिरा. मंगळवारी गाडी निघणार होती आणि रविवारी पाचच्या आत उत्तर हवं होतं. पाचनंतर त्या दुसऱ्या माणसाला विचारणार होत्या.

धाकट्याने हे बायकोला सांगितलं. धाकट्या जाऊबाईंनी ते वहिनींना सांगितलं, डोळ्यांना पदर लावून. पन्नाशीच्या माणसाने बाहुल्यांमागे फिरायचं म्हणजे लोक काय म्हणतील, आणि आठ महिने मी एकटीनं काय भिंतींशी बोलू? तुम्हीच काय ते बघा, जाऊबाई. दादांच्या गुडघ्याचं बघा, म्हणजे हे आपोआप थांबतील. वहिनी म्हणाल्या, बघते.

तलावाकाठी जागा ठरलेली होती. बंधाऱ्याच्या बाजूला तीन मोठे खडक आणि त्यांच्यासमोर सपाट गवत. दर एप्रिलात सगळे तिथेच सतरंजी घालत, कारण तिथेच दादांची ती उडी झाली होती. देवळात देवाची जागा असते तशी या कुटुंबात त्या मधल्या खडकाची होती. त्याच्यावर कुणी ओले टॉवेल वाळत घातले तर दादांच्या कपाळाला आठी पडे.

घरच्या माणसांखेरीज दोन मित्र दर वर्षी येत. एक चष्मेवाला, दादांचा शाळेपासूनचा सोबती. त्याचं दुकान दादांच्या शिलाईच्या दुकानाला लागून होतं. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. ते कुणाचे कोण हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यांच्यावाचून गाडी हलत नसे. सतरंजी पडली, थर्मासचं झाकण उघडलं, की या मंडळींची एकच स्पर्धा सुरू होई. कुणाचं काय मोडलं होतं.

पोस्टमास्तरांनी पोटरी उघडी करून कुत्र्याचे चार दात दाखवले. गेल्या वर्षी ते तीन होते, असं धाकट्याची लेक म्हणाली. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती आणि मोजण्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नसे. पोस्टमास्तरांनी नीट पाहिलं आणि कबूल केलं की चौथी खूण बहुतेक कांजिण्यांची असेल.

मग चष्मेवाल्याने खांदा फिरवला. तो कट्ट असा वाजला, दर वर्षीसारखा. चष्मेवाल्याने फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला आडवं होऊन गोल अडवला होता आणि तेव्हा हा उजवा खांदा निखळला होता. सामना कुणाविरुद्ध होता ते दर वेळी बदलत असे, मिनिट मात्र कायम शेवटचं. पोस्टमास्तरांनी विचारलं की या गावात त्या वेळी फुटबॉलचं मैदान होतं का. चष्मेवाला म्हणाला, मैदान गेलं, खांदा राहिला. वाक्य चांगलं होतं, त्यामुळे चौकशी तिथेच थांबली.

"आणि आमचे दादा," चष्मेवाल्याने घाईघाईनं चेंडू पुढे टोलवला.

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. गोष्ट सुरू होताना कप खाली ठेवायचा, हे ठरलेलं होतं. लग्नाला चार महिने झालेले, एप्रिलचं ऊन, आणि हा, म्हणजे धाकटा, एकोणीस वर्षांचा, या मधल्या खडकावर उभा. पाय सटकला. वडील किनाऱ्यावरून ओरडले. दादांनी मागचापुढचा विचार केला नाही. अंगावर नवा शर्ट, हातात घड्याळ, तशीच उडी. भावाला कॉलर धरून वर काढला, पण खाली दगड होता आणि गुडघा त्याच्यावर आदळला. वडील म्हणाले, गुडघा गेला वाटतं. तो गेलाच.

पुढचं दादा स्वतः सांगत नसत, बाकीचे सांगत. कापड बेतायचं म्हणजे टेबलाशी दिवसभर उभं राहावं लागतं. दादांना ते जमेना, म्हणून कात्री धाकट्याच्या हातात आली. तेव्हा नाटकवाल्यांच्या कपडेपटात शिकायला जायचं धाकट्याचं पक्कं झालं होतं, पेटीसुद्धा भरलेली होती. ती पेटी रिकामी केली आणि त्या दिवसापासून तो दुकानात कापतो आहे. दादा खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलतात. दादा बोलतातही छान, उंटावरून शेळ्या हाकायला गळा लागतो आणि तो त्यांना देवाने भरपूर दिला आहे.

धाकटा गवताच्या काड्या मोडत हे सगळं ऐकत होता. गोष्ट त्याला पाठ होती. कधी कधी दादा एखादं वाक्य विसरले तर तोच पुरवी. आज मात्र त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. पावणेचार झाले होते. त्याने सकाळपासून वाक्य जुळवलं होतं, गाडीत मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं, आणि इथे आल्यावर तो खडक पाहून ते तसंच राहिलं. ज्याने आपला जीव वाचवताना पाय घालवला, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की मी बाहुल्यांबरोबर चाललो?

दादांना बरोबर वास आला. त्यांनी आपणहूनच विषय छंदांवर नेला. प्रत्येकाला काहीतरी नाद असावा, असं ते म्हणाले. पोस्टमास्तर तिकिटं जमवतात, चष्मेवाला भिंगातून मुंग्या बघतो, आमचा धाकटा बाहुल्यांना कपडे घालतो. चष्मेवाला म्हणाला, बाहुल्या गिऱ्हाईक म्हणून बऱ्या, कंबर वाढली म्हणून भांडायला येत नाहीत. सगळे हसले. धाकट्या जाऊबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या, कारण त्यांना रडू येत होतं. नाद रविवारपुरता असावा, दादा शेवटी म्हणाले, आणि त्यांनी गुडघ्यावरून हळूच हात फिरवला.

धाकटा म्हणाला, "दादा, जरा बोलायचं होतं."

"बोलू की. आधी मापं उरकून घेऊ, ऊन आहे तोवर."

आणि मापं म्हणाल्यावर धाकटा उठला. कारण मापं म्हणजे मापं.

हा या घरचाच एक प्रकार होता. शिंप्याच्या घरातल्या माणसांना नवे कपडे कधी मिळत नाहीत, हंगामात तर नाहीच. म्हणून वडिलांनी पद्धत घातली होती की सहलीला सगळे एका जागी सापडतात, तेव्हा तिथेच घरच्यांची वर्षाची मापं घ्यायची. घरच्या मापांची वही वेगळी. आधी मागचं माप मोठ्यानं वाचायचं, म्हणजे काय बदललं ते कळतं. मग टेप लावणाऱ्याने नवं सांगायचं आणि लिहिणाऱ्याने ते परत म्हणायचं. तीनदा कानावर पडलं की चूक होत नाही, असं वडील म्हणत. ते आणखीही एक म्हणत. शिंप्याने दिसेल ते लिहावं, कारण विचारू नये. गिऱ्हाइकाचा एक खांदा का उतरला आहे हे त्याच्या बायकोने विचारावं, आपण फक्त तिथे कापसाची गादी घालावी.

टेप धाकट्याच्या गळ्यात कायमचाच असे. लिहायचं काम लेकीकडे होतं, तिचं अक्षर नकाशासारखं म्हणून. वहिनींनी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. पुठ्ठ्याचा रंग उडालेला, पाठीला चिकटपट्टी लावलेली. लेक म्हणाली, ही आपली नाही. वहिनी म्हणाल्या की घाईत नवी सापडेना, म्हणून आजोबांची जुनी आणली. हिच्यात मागे कोरी पानं आहेत, आज इथे लिहू आणि घरी गेल्यावर उतरवून काढू. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही वही वडिलांनी दादांच्या लग्नापर्यंत चालवली होती. लग्नानंतर घरात नवं माणूस आलं म्हणून त्यांनी नवी वही केली आणि हिची उरलेली पानं तशीच राहिली.

पहिलं माप दादांचं, मानाप्रमाणे. दादा उठून उभे राहिले आणि त्यांनी डाव्या पायावरचा भार सवयीनं उजव्यावर घेतला. लेकीने पानं उलटली. दादांच्या नावाचं शेवटचं पान तिला सापडलं आणि ती सवयीच्या सुरात वाचायला लागली.

"दादा. लग्नाचा सूट. बावीस नोव्हेंबर. छाती अडतीस. कंबर तीस. सीट सदतीस. लांबी उजवी चाळीस, डावी साडेएकोणचाळीस. डाव्या पायाने लंगडतो. गुडघा सुजलेला, तिथे कापड सैल ठेवणे."

वाचून झालं आणि मग ती थांबली. तिने ओळ पुन्हा पाहिली, या वेळी मनात.

कुणी काही बोललं नसतं. या घरात अळीमिळी गुपचिळी हा खेळ सगळ्यांना उत्तम येत होता. पण पोस्टमास्तरांनी आयुष्यभर पाकिटांवर तारखेचे शिक्के मारले होते. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तारीख चुकलेली त्यांना बघवत नसे इतकंच.

"नोव्हेंबर कसं?" ते म्हणाले. "उडी तर एप्रिलात ना? लग्नाला चार महिने झाल्यावर."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. दादांनी टेपाकडे पाहिलं, मग तलावाकडे पाहिलं. वहिनी डब्यांची झाकणं लावत राहिल्या, एकेक, न चुकता. पोस्टमास्तरांना कळून चुकलं की आपण कुठल्यातरी भलत्याच पाकिटावर शिक्का मारला आहे. ते पोटरीवरच्या दातांकडे बघत बसले.

बोलल्या त्या धाकट्या जाऊबाई. नवरा जाऊ नये म्हणून ज्या सकाळपासून देव पाण्यात घालून बसल्या होत्या, त्याच. पण या घरात आल्यापासून दर एप्रिलात ही गोष्ट ऐकून, दर वेळी दादांच्या पायांपुढे उशी सरकवून, त्यांचा हिशेबच आज चुकीचा निघत होता आणि ते त्यांना सहन झालं नाही.

"मग गुडघा गेला कशानं?"

चष्मेवाल्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या कपाळावर घाम होऊन दिसत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण ही मूठ दोघांची होती, आणि एकाची उघडली की दुसऱ्याची कशी झाकायची? शेवटी तो धाकट्याकडे न बघता म्हणाला, "स्केटिंग."

मग तो बोलतच सुटला, जणू तीस वर्षं तोंडात धरलेलं पाणी गिळायचं का थुंकायचं हे आज ठरलं. लग्नाआधी महिनाभर, दादांच्या मनात आलं होतं की होणाऱ्या बायकोला काहीतरी वेगळं करून दाखवावं. गावात नुकताच स्केटिंगचा हॉल निघाला होता. दोघं गुपचूप अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दादा हात सोडून वळले, ते सरळ चष्मेवाल्याच्या अंगावर. एकाचा गुडघा खांबावर गेला, एकाचा खांदा जमिनीवर. म्हणजे शेवटच्या मिनिटाला त्याने काही अडवलं असेल तर ते दादांना.

"फुटबॉल?" लेकीने विचारलं.

"कधी खेळलो नाही," चष्मेवाला म्हणाला.

एरवी यावर अर्धा तास हशा पिकला असता. आज लेकसुद्धा हसली नाही, कारण तिचं लक्ष बापाकडे गेलं होतं.

धाकट्याने तिच्या हातून वही घेतली होती. तो तारखेकडे बघत नव्हता, अक्षराकडे बघत होता. 'ळ'ला मागून एक फुकटची शेपटी काढायची सवय या घरात एकाच माणसाला होती. तो सूट म्हणजे वडिलांनी पहिल्यांदाच त्याच्यावर सोपवलेलं काम होतं. त्याने स्वतः भावासमोर बसून तो गुडघा टेपाने मोजला होता. त्याला सूज दिसली होती. त्याने दिसेल ते लिहिलं आणि कारण विचारलं नाही. आणि पाच महिन्यांनी, ओल्या अंगाने थरथरत किनाऱ्यावर बसलेला असताना, वडील म्हणाले गुडघा गेला वाटतं, ते त्याने खरं मानलं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं तो विसरला आणि दुसऱ्यांनी सांगितलेलं पाठ करत राहिला.

"हे मी लिहिलंय," तो म्हणाला.

"तूच लिहिलंयस," दादा म्हणाले. त्यांचा आवाज गिऱ्हाइकांशी बोलायचा नव्हता. "म्हणून तर मला वाटत आलं, तुला माहीत आहे. तू जाणूनबुजून राहिलास, माझी अब्रू झाकलीस. मनातून फार मानत होतो मी तुला."

हे खरं होतं की नाही, ते दादांनाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. त्या दिवशी किनाऱ्यावर वडील बोलले तेव्हा फक्त 'नाही' म्हणायचं होतं, एक शब्द. पण नव्या बायकोसमोर, भिजलेल्या नव्या शर्टात, सगळे कौतुकाने बघत असताना तो निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तो आणखी जड झाला. महिन्याने धाकट्याने पेटी रिकामी केली, तेव्हा तर तो उचलण्यापलीकडे गेला होता. मग माणूस काय करतो, समोरच्याला माहीत असेलच असं धरून चालतो आणि खुर्चीत बसतो. खुर्ची बरी होती.

"मला आठवत नव्हतं, दादा," धाकटा म्हणाला. "पण तुला आठवत होतं."

"उडी मारली होती ना मी? खोटी नव्हती ती."

"नव्हती. मी बुडत होतो, तू काढलंस. दुखऱ्या पायाने काढलंस, म्हणजे जास्तच मोठी झाली ती. तेवढंच सांगितलं असतंस तरी मी जन्मभर तुझे पाय धरले असते."

"मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"जा म्हणायला हवं होतंस," धाकटा म्हणाला. "पेटी भरलेली होती माझी."

त्याने वही लेकीला परत दिली, खिशातून फोन काढला आणि खडकांच्या पलीकडे गेला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तो काय बोलला ते वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. पण तो उभा कसा राहिला होता ते सगळ्यांना दिसलं, आणि धाकट्या जाऊबाईंना कळायचं ते कळलं.

त्या वहिनींच्या शेजारी येऊन बसल्या. रडायचं सोडून आता त्या चिडल्या होत्या. बघा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला, त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, बघितलं की. मग त्यांनी जावेचा हात हातात घेतला आणि सांगितलं की आठ महिने तू भिंतींशी का बोलशील, मी आहे. आणि दुकानात बटणं, काज, दुमडी करायला माणूस लागणारच आहे, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला. जाऊबाईंनी हात सोडवून घेतला नाही. दुकानात मला कात्री मिळणार का, एवढं मात्र त्यांनी विचारून ठेवलं.

धाकटा परत आला तेव्हा थर्मास आत ठेवायला म्हणून वहिनींनी मोठी पिशवी उपसली होती. टॉवेल, पत्त्यांचा कॅट, चटई आणि सगळ्यांत खाली निळ्या पुठ्ठ्याची नवी वही. तिने लपायचा काही प्रयत्न केला नाही. धाकट्याने वहीकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"नवी सापडत नव्हती ना, वहिनी?"

"लग्न झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला स्केटिंगचं सांगितलं होतं यांनी," वहिनी म्हणाल्या. "आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मग ती उडी झाली आणि माझंही तोंड शिवलं गेलं. दुकान चाललं पाहिजे होतं, भाऊजी. मी काही चांगली नाही." त्यांनी निळी वही परत पिशवीत टाकली. "हिच्यात कोरी पानं खूप आहेत. पण लिहिलेली सगळी उडीनंतरची."

दादा अजून तिथेच उभे होते, अर्धवट माप दिलेले. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि कुणी म्हटल्याशिवाय बसायची सवय राहिली नव्हती. चष्मेवाल्याने समजुतीचं काहीतरी बोलून पाहिलं, तर दादांनी त्यालाच झापलं, की तू आणि तुझं फुटबॉल. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, गिऱ्हाईक दारात आलं की बघतात तसं.

"मंगळवारी निघणार?"

"मंगळवारी."

"या पँटीत?"

धाकट्याने खाली पाहिलं. पँट गुडघ्यांवर झिजली होती आणि खाली एका पायाच्या मोहरीचा दोरा लोंबत होता. निळ्या वहीत घरातल्या प्रत्येकाचं पान होतं, त्याचंच नव्हतं. जो माप घेतो त्याचं माप कोण घेणार, हा प्रश्न एकतीस वर्षांत कुणाला पडला नव्हता. तो दादांच्या जुन्या पँटी उसवून, इंचभर लांब करून वापरत असे.

"लोक म्हणतील, शिंप्याचा भाऊ आणि भिकाऱ्यासारखा आला," दादा म्हणाले. "दुकानाला नावं ठेवतील. टेप दे इकडे."

धाकट्याने गळ्यातला टेप काढून दिला. लेकीने कोरं पान उघडून वर बापाचं नाव लिहिलं. मागचं माप वाचण्यासारखं नव्हतंच, तेव्हा ती पेन धरून नव्याची वाट बघू लागली. दादांनी छाती सांगितली, तिने परत म्हटली. कंबर सांगितली, परत म्हटली. टेप लावायचा सराव गेला होता आणि सीटचं माप त्यांना दोनदा घ्यावं लागलं. मग लांबी आली. लांबी आणि मोहरी घ्यायची तर खाली वाकून भागत नाही, शिंप्याला समोर बसावं लागतं.

सगळे बघत होते. उभं राहवत नाही म्हणून दादांनी कात्री सोडली होती, गुडघा टेकवत नाही म्हणून टेप सोडला होता, समारंभात खाली सतरंजीवर बसणंसुद्धा सोडलं होतं. दादांनी एक हात धाकट्याच्या कमरेला टेकवला, उजवा पाय पुढे घेतला, आणि सावकाश, दात आवळून, डावा गुडघा गवतावर टेकवला.

"लांबी एक्केचाळीस," ते खालून म्हणाले.

"लांबी एक्केचाळीस," लेक म्हणाली.

"दोन्ही."

"दोन्ही."

"मोहरी साडेसात." त्यांनी लोंबणारा दोरा दातांनी तोडला आणि मोहरी हातानं झटकली, ती स्वच्छ होती तरी. मग ते बराच वेळ तसेच बसून राहिले. धाकटा वरून त्यांच्या टकलाकडे बघत होता आणि त्याला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी मावत नव्हतं.

"झालं का, दादा?"

"झालं कधीच," दादा म्हणाले. "उठता येत नाहीये. आता उठवा मला कुणीतरी."

बसले होते एकटे, उठवायला मात्र दोघं लागले. डावीकडून धाकट्याने धरलं. उजवीकडून चष्मेवाला आला आणि त्याने खांदा दिला, तोच, निखळलेला. तो कट्ट असा वाजला.